बोलावणं

"अभिनंदन हं! परत निघालात म्हणे?" खालच्या दुकानातला किल्लीवाला मशीन बंद करून म्हणाला, आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर तो थबकला. आधी त्याला वाटलं, हा दुसऱ्याच कुणाशी बोलतोय. त्याने मागे वळून पाहिलं, तर मागे कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत या किल्लीवाल्याशी त्याचं बोलणं म्हणजे पाणी आलं का आणि लाइट गेलेत का, एवढंच. वरच्या खोलीत दोन मोठी माणसं दिवसभर काय करतात याची किल्लीवाल्याने कधी चौकशी केली नव्हती आणि यानेही कधी सांगितलं नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने 'आम्ही कॉम्प्युटरवरचे खेळ बनवतो' असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय येतं ते त्याला पाठ झालं होतं. "कुठे परत?" त्याने विचारलं. "घ्या! आता आम्हालाच विचारा," किल्लीवाला हसला. "माझी मेहुणी खेळते ना ते तुमचं, पैलतीर. सकाळपासून नाचतेय नुसती. म्हणाली, भाऊजी, एवढा मोठा माणूस तुमच्या डोक्यावर बसतो आणि तुम्ही बोलला नाहीत." तो काहीतरी पुटपुटला, हसल्यासारखं केलं आणि जिना चढू लागला. वर पोचेपर्यंत त्याच्या छातीत धडधडत होतं, आणि ते जिन्यामुळे नाही हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

खोलीत येऊन त्याने कॉम्प्युटर सुरू केला, बातम्या उघडल्या, आणि मग सगळा उलगडा झाला. मागच्या आठवड्यात एक मुलाखतकार आला होता. अंगापेक्षा मोठा टीशर्ट, हातात माइक, आणि बोलण्यात एवढा आदर की ऐकणाऱ्याला म्हातारं झाल्यासारखं वाटावं. तासभर याने त्याला नव्या खेळाविषयी सांगितलं होतं, नावाड्याविषयी, वल्ह्याविषयी, प्रवाशांना घाई का नसावी याविषयी. मुलाखतकाराने माना डोलावल्या होत्या. मग माइकची वायर गुंडाळता गुंडाळता त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि समजा जुन्या कंपनीने बोलावलं, तर जाल परत पैलतीरकडे?" तो म्हणाला होता, "बघू." झालं. तासाभराच्या बोलण्यातला नावाडी बुडाला आणि तेवढा एक शब्द तरला. मुलाखतीला मथळा होता, 'परतणार का? निर्माता म्हणतो, बघू!' तो बघून दुसऱ्याने प्रश्नचिन्ह गाळलं, तिसऱ्याने 'बघू' गाळलं, आणि आज सकाळी तो अख्ख्या जगाच्या हिशेबी परत निघाला होता. खरं तर त्याच्या घरात त्याच्या 'बघू'ला सगळे ओळखून होते. याने बघू म्हटलं की दाराला कडी घातली असं समजायचं, असं बायको म्हणायची. मुलगी लहान असताना कुठे जायचं विचारायची आणि वर बजावायची, "बाबा, हो सांग नाहीतर नाही सांग, बघू नको सांगूस." नाही म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून तो आयुष्यभर हा शब्द वापरत आला होता. पण त्या दिवशी, त्या मुलाखतकारासमोर, तो शब्द म्हणताना आपल्याला नाही म्हणायचं होतं का? हा प्रश्न त्याला पडला आणि त्याने घाईघाईने खिडकी उघडली, बंद केली, परत उघडली.

पैलतीर त्याने केलं तेव्हा तो तिशीचाही नव्हता. कंपनीच्या मागच्या अंगाला, जिथे जुन्या खुर्च्या ठेवायचे त्या खोलीत. मोडके पूल, खाली धुकं, आणि या फळीवरून त्या फळीवर उड्या मारत पलीकडे जाणारा एक बुटका. अंगात घोट्यापर्यंत कोट. लोकांनी पुढे त्या कोटावर पानंच्या पानं लिहिली, त्यात एकटेपण शोधलं, अनाथपण शोधलं. खरं कारण एवढंच होतं की हात हलताना दाखवायला मशीनमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून जोडीच्या चित्रकाराने वरून कोट चढवून ते झाकून टाकले. नाव तेवढं ठेवायचं राहिलं, ते खेळणाऱ्यांनी ठेवलं, ठेंगू. असे चार भाग त्याने केले. पाचव्याच्या वेळी एका बैठकीत कुणीतरी सूटवाला म्हणाला, ठेंगू ही कंपनीची मालमत्ता आहे, आणि तो उठला. 'मग सांभाळा,' एवढंच म्हणून बाहेर पडला. ही गोष्ट तो अनेकदा सांगत असे आणि इथवरच सांगत असे. पुढचं तो सांगत नसे. बाहेर लिफ्टपाशी तो उभा राहिला, बटण दाबलं, लिफ्ट आली, दार उघडलं, आणि त्याने तिला रिकामीच जाऊ दिलं होतं. बैठकीच्या खोलीचं दार उघडेल, कुणीतरी 'अहो, असं काय' म्हणत येईल, याची तो वाट बघत होता. दार उघडलं खरं, पण आला चित्रकार, रंगांची पेटी काखेत मारून. 'मी पण आलो रे,' म्हणाला. पुढे एकदा रंगात आला असताना चित्रकाराने हसत हसत सांगितलं होतं, "मला वाटलं, संध्याकाळपर्यंत बोलावतील दोघांना. म्हणून डबा टेबलावरच ठेवला होता." दोघंही त्यावर खूप हसले होते. त्यानंतर दोघांनी ही खोली घेतली आणि नावाड्याचा खेळ काढला. आणखी काही जण आले, कंटाळून गेले. उरले दोघंच. उड्या नाहीत, पडणं नाही, नुसतं पाणी कापत जाणं. चित्रकार गेली कित्येक वर्षं पाणी काढत होता. सकाळचं पाणी, ढगाळलेलं पाणी, वल्हं बाहेर काढल्यावर निथळणारं पाणी. मधूनच म्हणायचा, "एखादा डोंगर काढू दे रे बाबा, जीव आंबला." तो म्हणायचा, बघू.

आज नेमका चित्रकाराचा पत्ता नव्हता. उशीर होईल, एवढाच निरोप होता. फोन मात्र सारखा वाजत होता. आधी मुलीचा. "बाबा, खरंच? मला का नाही सांगितलंस? माझ्या ऑफिसातले मला येऊन विचारतायत." "अगं, तसं काही नाही." "तसं काही नाही म्हणजे नाही, की तसं काही नाही म्हणजे आहे?" त्याला हसू आलं आणि रागही आला. मग बायकोचा. ती दातांची डॉक्टर, फोनवरसुद्धा अर्धी पेशंटशी बोलायची. "जरा मोठं उघडा. तुला नाही रे. बोलावलं का त्यांनी?" "मी फक्त बघू म्हणालो." "मी ते विचारलं नाही. बोलावलं का?" "अजून नाही," तो म्हणाला. पलीकडे ड्रिलचा आवाज सुरू झाला, थांबला. "अजून," ती म्हणाली. "बरं. चूळ भरा." फोन बंद झाला आणि तो त्या 'अजून'कडे बघत बसला. कुठून निसटला हा शब्द तोंडातून? म्हणजे आपण वाट बघतोय. सकाळपासून फोन वाजला की आधी नंबर बघतोय, आणि नंबर ओळखीचा निघाला की मनात खट्टू होतोय. त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून वाट बघणं थांबलं असं नाही.

काम सुचेना. पडद्यावर नावाडी वल्हं धरून ताटकळला होता. त्याने खुर्ची खिडकीकडे वळवली आणि मनातल्या मनात त्या लोकांशी बोलायला सुरुवात केली. आधी त्याने त्यांना साफ नकार दिला. फार छान दिला. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, थोडीशी दया होती. मग तो नकार परत घेऊन त्याने अटी घातल्या. चित्रकार बरोबर येईल. नावाड्याचा खेळ तिथेच पुरा होऊ द्यायचा. ठेंगूला बोलता करायचं नाही. मग त्याच्या लक्षात आलं की अटी घालताना आपण ती मागची खोली डोळ्यांपुढे आणतोय, भिंतीवरचा ओलाव्याचा डाग, पंख्याचा कुईकुई आवाज. परत गेल्यावर ती खोली थोडीच असणार होती? आता म्हणे तिथे मजलेच्या मजले आहेत. आणि चित्रकाराला काय सांगायचं? त्याने नको म्हटलं तर? ज्या माणसाने आपल्यामागे नोकरी सोडली त्याला इथे पाण्यात सोडून आपण पलीकडे जायचं? तो उठला, पाणी प्यायला, बसला. नाहीच जायचं, असं ठरवलं. ठरवल्यावर क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच मन म्हणालं, पण बोलावू तर दे.

सगळ्यात आत, जिथे तो सहसा स्वतःलाही येऊ देत नसे, तिथे एक गोष्ट बसली होती. त्यांना माझी गरज आहे, कारण माफी मला कळते. माफी हा त्यांच्या ऑफिसातला शब्द. पहिल्या भागाच्या वेळी त्याच्या हातून एक चूक झाली होती. ठेंगूचा पाय फळीवर आहे की नाही हे आधी तपासायचं आणि मग उडी घेऊ द्यायची, तर याने क्रम उलटा लिहिला. त्यामुळे पाय फळीवरून सुटल्यावरही डोळ्याची पापणी लवेपर्यंत उडी लागायची. ही चूक पकडली ती नव्याने लागलेल्या एका मुलीने. खेळ कुठे मोडतो ते शोधून काढणं हेच तिचं काम, आणि ती ते इतक्या निष्ठेने करी की त्याने तिचं नावच मोडतोड पाडलं होतं. तिने येऊन सांगितलं, "सर, पाय हवेत असताना उडी लागतेय." त्याने ओशाळून दुरुस्ती केली. दुसऱ्या दिवशी सगळं ऑफिस खेळता खेळता शिव्या देत होतं. खेळ अचानक दुष्ट झाला होता. मी दाबलं होतं, मी वेळेवर दाबलं होतं, असं जो तो म्हणत होता आणि धुक्यात पडत होता. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की माणसाला आपण फळीवर आहोत असं वाटतं त्या क्षणी तो तिथे नसतोच, आधीच घसरलेला असतो, आणि चुकीने आपण त्याला तेवढी मुभा दिली होती. त्याने चूक परत घातली. मोडतोड म्हणाली, "म्हणजे माफी दिलीत." तेव्हापासून तो शब्द. पुढे प्रत्येक भागात माफी किती ठेवायची यावर वाद व्हायचे आणि शेवटी तो स्वतः खेळून, बोटांना विचारून ती ठरवायचा. जास्त झाली तर खेळ बावळट, कमी झाली तर क्रूर. कंपनी सोडल्यानंतरच्या भागांना आपण हात लावला नाही, असं तो छातीठोकपणे सांगे. ते खोटं होतं. सगळ्यात नवा भाग त्याने भलत्याच नावाने आणून घरी कुणी नसताना खेळला होता. सुरुवातीला सपाटून पडला. मग बसला हात. पुढे पुढे तर कठीण पूलसुद्धा त्याने पडता पडता सावरून पार केले, आणि त्याला भरून आलं होतं. माफी जराशी कच्ची आहे यांची, असं त्याने तेव्हा ठरवलं होतं, पण आपली बोटं अजून पक्की आहेत.

दुपारी फोन वाजला आणि पडद्यावर मोडतोडचं नाव उमटलं. आता पैलतीरचा सगळा कारभार तिच्याच हाती होता. तो उभा राहिला, घसा खाकरला, दोनदा वाजू दिला. "हॅलो, सर? मी बोलतेय. वेळ आहे का?" "अगं, बोल की." ती आधी तब्येतीचं बोलली, त्याच्या बायकोचं बोलली, मुलीचं विचारलं. तो हो, बरी आहे, हो, म्हणत गेला. "सर, एक विचारायचं होतं. इथे नवीन पोरांना मी माफीची गोष्ट सांगते. ती चूक नेमकी तुमच्या हातून झाली होती की मशीनच्या?" "माझ्याच हातून," तो म्हणाला. "क्रम उलटा झाला होता." "तेच म्हणत होते मी. त्यांना वाटतं, सर मुद्दाम करतील असं काही, चुकून नाही." दोघंही हसले. "किती ठेवलीस या वेळी?" त्याने विचारलं, आणि आवाज होईल तेवढा सहज ठेवला. "ठरावीक नाही ठेवत आम्ही आता," ती म्हणाली. "जो जास्त पडतो त्याला जास्त. पडत गेला की खेळ आपोआप वाढवत नेतो. त्याला कळूही देत नाही. तुम्हीच म्हणायचात ना सर, माफी दिली हे दिसता कामा नये." "सर? ऐकू येतंय ना?" "येतंय. छान आहे," तो म्हणाला. "छान केलंस." आणि ते खरोखर छान होतं. इतकी वर्षं तो बोटांनी एकच आकडा शोधत राहिला, आणि माणसागणिक माफी वेगळी असू शकते हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. "खेळलात का तुम्ही हा भाग?" "छे, वेळ कुठे आहे," तो म्हणाला. "खेळा सर, सवड काढून. आणि आणखी एक." त्याने खिडकीची कड घट्ट धरली. "ते मुलाखतीतलं. इथे सगळे मला विचारतायत, वरचेही विचारतायत. म्हणजे तुमच्याकडून दोन ओळींचा खुलासा आला असता तर बरं झालं असतं. मला अगदी कसंतरी होतंय हे सांगताना." "त्यात काय कसंतरी. टाकतो मी." "थँक यू सर. आणि काकांचा नंबर तोच आहे ना, चित्रकारकाकांचा?" "तोच आहे," तो म्हणाला. तिने तो का विचारला हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नाही.

फोन ठेवल्यावर तो खाली उतरला आणि वाट फुटेल तिकडे चालू लागला. फुटपाथ उखडला होता, कामगार फरशा बसवत होते, माणसं एका पायावर तोल सावरत कडेने जात होती. म्हणजे ते पूल आपण पार केले नव्हते. खेळाने आपल्याला ओळखलं होतं, हा पडणारा आहे म्हणून, आणि एकेक पाऊल पुढे सोडलं होतं, आणि आपण मात्र रिकाम्या घरात डोळे पुसत होतो. त्याला इतकं खजील वाटलं की तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. राग कुणावर काढायचा हेही कळेना. तिने काही वाईट केलं नव्हतं. तिने त्याच्याच हातची चूक घेऊन तिचं सोनं केलं होतं, आणि त्याच्याशी आईबापांशी बोलावं तशी जपून बोलली होती. ते जपून बोलणंच त्याला सोसत नव्हतं. एक बाई पिशवी सांभाळत थांबली आणि म्हणाली, "बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?" "नाही, नाही, बसलोय जरा," तो म्हणाला आणि उठला. परतताना एकच विचार त्याला धरून होता. चित्रकार आहे. खोली आहे, नावाडी आहे, आणि चित्रकार आहे. आज त्याला सांगायचं की काढ बाबा तुझा डोंगर. हवे तेवढे काढ. एवढं मनात येताच तो भराभर चालू लागला.

चित्रकार आला तेव्हा उन्हं उतरली होती. केस कापलेले, शर्टाला इस्त्री. आपल्या खुर्चीत न बसता तो खिडकीजवळच्या स्टुलावर बसला, जे पाहुण्यांसाठी होतं. "तू आधी बोलतोस की मी बोलू?" त्याने विचारलं. "बोल तू." "रागावू नकोस. आधी तुला विचारायला पाहिजे होतं. पण म्हटलं, तुझं तर ठरलंय, आणि मला कसं सांगायचं म्हणून तू घुटमळतोयस. तू आहेसच तसा. मग म्हटलं, आपणच सोपं करून टाकावं." "काय सोपं केलंस?" "हो म्हणालो त्यांना. सकाळी ती बातमी वाचून घरीच घोटाळलो, मग दुपारी मोडतोडचा फोन आला. ठेंगूचं सगळं चित्रण नव्याने करायचंय, काका, याल का म्हणाली. तिथेच जाऊन आलो. तुझा विषय मी काढला नाही, तुमचं काय ते तुम्ही बघाल. पण तू गेल्यावर मी इथे एकटा बसून काय पाणी काढू?" तो बोलत होता आणि बोलताना त्याचे हात हवेत काहीतरी रेखत होते. बर्फ, दऱ्या, एक पडकं गाव. अख्खं गाव देतायत, म्हणाला, माझ्यावर सोडून.

"मला बोलावलं नाही रे," तो म्हणाला. चित्रकार हसला. "म्हणजे?" "म्हणजे बोलावलंच नाही. कुणीच नाही. त्या मुलाखतवाल्याने आपलं उगाच विचारलं होतं." खाली किल्लीवाल्याचं मशीन लोखंड कातत होतं, ते थांबलं. दिवसभरात हे वाक्य त्याने पहिल्यांदा उच्चारलं होतं, आणि ते म्हणायला वाटलं होतं तेवढं अवघड नव्हतं. चित्रकाराने खिशातून फोन काढला. "मग मी नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला. हेच ऐकायला आपण आसुसलो होतो, हे त्याला तत्क्षणी कळलं. कंपनीकडून नव्हे, याच्याकडून. आणि ते मिळाल्यावर एकदम उदार वाटून तो म्हणाला, "वेडा आहेस का? जा तू." आता चित्रकार असं कसं म्हणेल, मग हा जा रे म्हणेल, तो पुन्हा नाही म्हणेल, असं थोडा वेळ चालेल आणि शेवटी दोघं चहाला उतरतील, असं त्याने धरलं होतं. चित्रकार फोन हातात घेऊन त्याच्याकडे बघत होता. "खरंच जाऊ?" त्याने विचारलं.

एवढंच. दुसऱ्यांदा नाही म्हणाला नाही. त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की तो लपवताना बिचाऱ्याची त्रेधा उडत होती, आणि हा आनंद कित्येक वर्षं या खोलीत कुठे ठेवला होता याने, असा प्रश्न त्याला पडला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पहिला 'जा' म्हणायला काहीच लागलं नव्हतं, दुसऱ्यासाठी मात्र त्याला सगळा जीव गोळा करावा लागला. "हो रे," तो म्हणाला, "जा." आणि या वेळी ते त्याने खरं म्हटलं. चित्रकार उठला, ब्रश तसेच टाकून, उद्या येऊन आवरतो म्हणाला. दारापाशी गेल्यावर त्यालाच कसंसं झालं असावं. चौकटीला हात लावून तो वळला आणि म्हणाला, "तिकडे काही निरोप आहे का तुझा?" सकाळपासून त्याने त्या लोकांसाठी किती तरी बोलणी तयार केली होती, नकाराची, अटींची, आभारांची. त्यातलं एकही आता जिभेवर येईना. चित्रकार थांबला होता, घाईत असूनही थांबला होता. "विचारलं कुणी तर सांग," तो म्हणाला, "बरा आहे म्हणून."